छत्तिसाचा आकडा

ज्या दोघांचे एकमेकांशी मुळीच पटत नाही त्यांच्यामध्ये छत्तिसाचा आकडा आहे, असे आपण मराठीत म्हणतो. तीन आणि सहा हे अंक देवनागरीत शेजारी शेजारी लिहिले, की ते एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले दिसतात, एवढेच त्या म्हणण्याचे मूळ. ज्या कोणा पंतोजीने हा वाक्प्रचार रूढ केला, त्याला फुटबॉल नावाचा खेळ ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. तरीही २००७-०८ च्या हंगामात गोव्यामध्ये त्याचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. आय-लीग या नावाने सुरू झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेचे ते पहिलेच वर्ष. संघ १०, प्रत्येकाच्या वाट्याला सामने १८. सारे सामने आटोपले तेव्हा गुणतालिकेच्या माथ्यावर गोव्याचेच दोन संघ, धेंपो आणि चर्चिल ब्रदर्स, एकमेकांना खेटून बसले होते. दोघांचेही गुण ३६! केलेले गोल आणि खाल्लेले गोल यांच्या वजाबाकीत धेंपोचे पारडे जड ठरले आणि अजिंक्यपद धेंपोकडे गेले. चर्चिलच्या चाहत्यांच्या हाती सांत्वनाला उरला तो त्यांचा ओडाफा ओकोली. त्या हंगामात सर्वांहून अधिक, म्हणजे २२ गोल त्याने केले होते.

तो निकाल लागून बरीच वर्षे लोटली. पण गोव्यात फुटबॉलचा निकाल लागला म्हणजे विषय संपला, असे समजणारा मनुष्य बहुधा परप्रांतीय असतो. विल्यम रॉबर्ट लायन्स या आयरिश पाद्रीने १८८३ साली शिवोलीला हा खेळ आणला असे सांगतात. खेळ बाहेरून आला असेल. त्यावरून वाद घालण्याची हौस मात्र आम्हांला कोणी शिकवावी लागली नाही.

मी व्यवसायाने वकील आहे. दिवसा लोकांची भांडणे पैसे घेऊन भांडावयाची आणि संध्याकाळी फुकटची भांडणे ऐकावयाची, असा माझा बऱ्याच वर्षांचा क्रम आहे. आमच्या गावच्या देवळात सोमवारी पालखी असते. आरती झाली, तीर्थप्रसाद झाला, बायकामुले घरच्या वाटेला लागली, की काही मंडळी दीपस्तंभाच्या पायथ्याशी रेंगाळतात. या मंडळींत तिघेजण ठळक. एक आमचे मास्तर. मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, धेंपोचे अभिमानी, आणि जाड पुठ्ठ्याच्या एका वहीत प्रत्येक हंगामाची गुणतालिका स्वहस्ते उतरवून ठेवणारे. दुसरा देवळासमोर फुलांचे दुकान मांडणारा तरुण. त्याचे आजोळ सासष्टीतले, त्यामुळे चर्चिल ब्रदर्स ही त्याला आजोळकडून मिळालेली मालमत्ता. तिसरे एक वयस्क गृहस्थ. मुरगाव बंदरात हयात घालवलेले, आणि म्हणून वास्कोच्या साळगावकर संघाचे. भारताचा कर्णधार झालेल्या ब्रह्मानंद संखवाळकर यांना साळगावकरच्या गोलात उभे असलेले पाहिले, हे त्यांचे पुण्य. ते सांगताना त्यांचा आवाज कीर्तनकारासारखा होतो.

वादाचा मुद्दा वरवर पाहता अगदी साधा. राष्ट्रीय अजिंक्यपदे कोणाची किती?

मास्तरांचे उत्तर तयार असते. धेंपोची ५. स्पर्धेचे नाव राष्ट्रीय फुटबॉल लीग असे होते तेव्हाची २००४-०५ आणि २००६-०७ ही दोन, आणि आय-लीग सुरू झाल्यावर २००७-०८, २००९-१० व २०११-१२ ही तीन. पाचही वेळी प्रशिक्षक एकच, आर्मांदो कुलासो. एवढे सांगून मास्तर वही मिटतात. पण फुलवाला ती उघडायला लावतो. “परत मेजात, मास्तर!” त्याचे म्हणणे असे, की नाव बदलले, रचना बदलली, म्हणजे स्पर्धाच निराळी झाली, तेव्हा आय-लीगची तेवढी मोजा. या मोजणीने धेंपोची होतात ३, चर्चिलची २००८-०९ आणि २०१२-१३ मिळून २. पाचास दोन हे अंतर एका दमात तीनास दोनावर येते. मग बंदरवाले हळूच तपकिरीची डबी बंद करावी तशा आवाजात सांगतात, “तुम्ही किती मोजायची ती मोजा. १९९८-९९ मध्ये गोव्यात राष्ट्रीय लीग पहिल्यांदा आणली ती साळगावकरने. पहिला एकदाच असतो.” पुढे आय-लीगच्या पहिल्याच हंगामात साळगावकर खालच्या श्रेणीत घसरला, याची कोणी आठवण दिली, तर २०१०-११ चे अजिंक्यपद ते तत्काळ पुढे करतात. पडून उठलेला मोठा, की न पडलेला मोठा, असा एक नवाच खटला त्यातून उभा राहतो.

कोर्टात मुदतीच्या कायद्यावर युक्तिवाद करताना आम्ही वकील काय निराळे करतो? दाव्याचे कारण नेमके कोणत्या तारखेला उद्भवले, मोजणी कोठून सुरू करावयाची, यावर निम्मी लढाई असते. ज्याच्या अशिलाला जी तारीख सोयीची, ती त्याला न्यायाचीही वाटू लागते. फुलवाला कायदा शिकलेला नाही. पण मोजणीचा आरंभबिंदू सरकवला की सारा निकाल सरकतो, हे मर्म त्याला उपजत कळलेले आहे.

आकडा हा एक विलक्षण साक्षीदार आहे. तो खोटे बोलत नाही. परंतु जेवढे विचारावे तेवढेच बोलतो. ओडाफाचे २२ गोल काढले, की मास्तर हसून म्हणतात, “अरे बाबा, एकट्याच्या गोलांनी अजिंक्यपद मिळत नसते.” हे तत्त्व सोन्याच्या अक्षरांनी लिहून ठेवावे असे. पण पुढच्याच वाक्यात ते आपल्या रँटी मार्टिन्सचे २०११-१२ मधले ३२ गोल मोठ्या भक्तिभावाने सांगतात. फुलवाला या क्षणाची वाटच पाहत असतो. तो उलटतपासणी घेतो: “आदल्या वर्षी, २०१०-११ मध्ये, रँटीचे गोल किती?” मास्तर प्रामाणिक गृहस्थ, वही पाहून सांगतात, “२८.” “सर्वांत जास्त?” “सर्वांत जास्त.” “आणि अजिंक्यपद कोणाला?” मास्तर वहीत मान घालतात, आणि उत्तर देण्याचा मान बंदरवाल्यांकडे जातो. न्यायालयात इतकी सुबक उलटतपासणी मी फार थोड्या वेळा ऐकली आहे.

अशा वेळी तिघेही माझ्याकडे वळतात. “वकीलबाब, तुमीच सांगात.” मी निवाडा देत नाही. निवाडा देण्यासाठी आधी कायदा ठरलेला असावा लागतो, आणि ‘श्रेष्ठ कोण’ या प्रश्नाचा कायदा कोणीच केलेला नाही. ‘अजिंक्य कोण’ या प्रश्नाचा मात्र केलेला आहे. या दोहोंमधला भेद मला फार महत्त्वाचा वाटतो.

तो भेद कळण्यासाठी इंग्लंडमधला एक जुना निकाल पाहण्यासारखा आहे. १९२३-२४ च्या हंगामात हडर्सफील्ड टाउन आणि कार्डिफ सिटी या दोन संघांचे गुण समसमान, ५७ झाले. हडर्सफील्डने ६० गोल केले होते, ३३ खाल्ले होते. कार्डिफने ६१ केले होते, ३४ खाल्ले होते. वजाबाकी कराल तर दोघांचीही बाकी २७. आजच्या रीतीप्रमाणे मग ज्याचे गोल अधिक तो अजिंक्य, म्हणजे कार्डिफ. परंतु तेव्हा नियम वजाबाकीचा नव्हता, भागाकाराचा होता. केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागावयाचे. हडर्सफील्डचा भागाकार आला सुमारे १.८१८, कार्डिफचा १.७९४. दोन शतांश आणि काही सहस्रांश एवढ्या फरकाने, नव्हे, नेमके सांगायचे तर ०.०२४ ने हडर्सफील्ड अजिंक्य झाला. कार्डिफचा अखेरचा सामना बर्मिंगहॅमला गोलशून्य बरोबरीत सुटला होता आणि त्यात त्यांना मिळालेली पेनल्टी वाया गेली होती. इंग्लंडचे अजिंक्यपद कार्डिफला त्यापूर्वी मिळाले नव्हते आणि त्यानंतरही आजवर मिळालेले नाही.

भागाकाराचा तो नियम इंग्लंडमध्ये १९७६ साली गेला आणि वजाबाकीचा आला. मग कार्डिफवर अन्याय झाला असे म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. नियम हंगामापूर्वी छापलेला होता, तो दोघांनाही ठाऊक होता आणि दोघेही तो मान्य करून मैदानात उतरले होते. हळहळ वाटणे निराळे, अन्याय होणे निराळे. कार्डिफचा चाहता शंभर वर्षे भागाकाराला शिव्या देऊ शकतो आणि हडर्सफील्डचा चाहता शंभर वर्षे हसू शकतो, पण १.८१८ हा आकडा १.७९४ पेक्षा मोठा आहे याविषयी दोघांचे दुमत नसते. त्यांचे भांडण एका सतरंजीवर बसून चाललेले असते.

ही सतरंजीची गोष्ट आपणां देवळाशी बांधलेल्या लोकांना अधिक विस्ताराने सांगावयास नको. पालखीला पहिला खांदा कोणाचा, पहिला नारळ कोणाच्या हाती, उत्सवातला कोणता दिवस कोणत्या घराण्याचा, यावरून आमच्या देवस्थानांत किती वाद झाले आहेत! पोर्तुगीज अमदानीत १९३३ साली देवस्थानांची नियमावली झाली, महाजनांच्या नोंदी झाल्या, आणि तरीही मानपानाचे दावे संपले नाहीत. माझ्यासारख्या वकिलांच्या चुलीला त्यांचाही थोडाफार आधार आहे. परंतु त्या साऱ्या कज्ज्यांत एक गोष्ट मी नेहमी पाहिली. वादी आणि प्रतिवादी दोघेही कोर्टात येण्यापूर्वी त्याच एका देवाला नारळ ठेवून आलेले असतात. ज्याचा त्या देवावर विश्वासच नाही, तो पहिल्या मानासाठी भांडत बसणार नाही. मानाचे भांडण हे एका अर्थी समान श्रद्धेचे प्रमाणपत्र असते. गुणतालिकेचे भांडणही तसेच आहे. मास्तर आणि फुलवाला यांच्यात छत्तिसाचा आकडा खरा, पण तो ज्या पाटीवर लिहिलेला आहे ती पाटी दोघांची एकच आहे.

आणि दोघांना एकमेकांची गरजही तेवढीच आहे. २००७-०८ पासून २०१२-१३ पर्यंत आय-लीगचे सहाच्या सहा हंगाम गोव्याने जिंकले: धेंपो, चर्चिल, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल. सारा हिंदुस्थान एका बाजूला आणि आमचा एवढासा गोवा दुसऱ्या बाजूला, अशी ती सहा वर्षे होती. बाहेरचा कोणी असता तर त्याने या तिघांना एकत्र बसून आनंद करताना पाहण्याची अपेक्षा केली असती. प्रत्यक्षात ती त्यांच्या भांडणाची सुवर्णवर्षे होती. कोलकात्याचे संघ मागे राहिले याचा आनंद अर्ध्या मिनिटात आटोपून ते पुन्हा घरच्या वादाकडे वळत. मग २०१६ साली साळगावकर आणि स्पोर्टिंग, आणि त्यांच्यामागून धेंपो, या तिन्ही संघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. भारतीय फुटबॉल महासंघाने मांडलेल्या नव्या रचनेत आय-लीगला दुय्यम स्थान मिळणार, हा त्यांचा आक्षेप होता. आक्षेप योग्य की अयोग्य, हा प्रश्न येथे बाजूला ठेवू. मला आठवतो तो देवळापुढचा सन्नाटा. चर्चिल ब्रदर्स पुढे पुन्हा खेळू लागला, पण फुलवाल्याला ते सांगण्यात पूर्वीची गोडी राहिली नाही. ज्याला हरवल्याचे सांगायचे तो समोर नसेल, तर ज्याने हरवले त्याचेही तोंड बंद होते. मास्तरांनी त्या काळात वही लिहिणे सोडले नाही; मात्र ती देवळात आणणे सोडले.

२०२४-२५ च्या हंगामात धेंपो आय-लीगमध्ये परतला आणि वहीसुद्धा परतली. धेंपो काही अजिंक्यपदाच्या शर्यतीत नव्हता; परंतु चर्चिल ब्रदर्स होता, आणि तेवढ्यावर भांडणाचे दुकान पूर्ववत उघडले. कारण उघड होते. चर्चिलने हे अजिंक्यपद जिंकले तर आय-लीगच्या मोजणीत त्याची ३ होणार होती. म्हणजे फुलवाल्याने आयुष्यभर लावून धरलेल्या हिशेबाने धेंपोशी बरोबरी! शिवाय अजिंक्यपदाबरोबर इंडियन सुपर लीगचे दारही उघडणार होते. समोर प्रतिस्पर्धी होता वाराणसीचा नवा संघ, इंटर काशी. काशीचे नाव निघताच हात जोडणारी आमची मंडळी त्या दिवसांत ते नाव निघताच दात खाऊ लागली होती, हे देवाजवळ कबूल केले पाहिजे.

६ एप्रिल २०२५ रोजी अखेरचे सामने झाले. २२ सामन्यांअंती चर्चिल ब्रदर्सचे गुण ४०, इंटर काशीचे ३९. फुलवाल्याने त्या सोमवारी दुकानातली शेवंती उदार हाताने वाटली. परंतु तालिकेच्या खाली एक तळटीप होती. १३ जानेवारीला नामधारी संघाने इंटर काशीला २-० असे हरवले होते. त्या सामन्यात नामधारीने अपात्र खेळाडू उतरवला, अशी इंटर काशीची तक्रार होती. ती मान्य झाली, तर त्या सामन्याचे ३ गुण इंटर काशीला मिळून त्याचे ४२ होणार होते. महासंघाच्या शिस्तपालन समितीने एक सांगितले, अपील समितीने दुसरे. एप्रिलमध्येच चर्चिल ब्रदर्सला विजेता घोषित करण्यात आले. इंटर काशीने स्वित्झर्लंडमधील लोझान येथील क्रीडा लवाद न्यायालयाकडे धाव घेतली. मध्यंतरी इंटर काशीच्याच एका परदेशी खेळाडूच्या पुनर्नोंदणीवरून दुसरे प्रकरण उभे राहिले. त्यात अपील समितीचा निर्णय इंटर काशीच्या विरुद्ध गेला. तोही लोझानला गेला. अखेर १८ जुलै २०२५ रोजी लवाद न्यायालयाने इंटर काशीच्या बाजूने निर्णय दिला आणि त्याला तात्काळ विजेता घोषित करण्याचा आदेश महासंघाला दिला. एकदा चर्चिलच्या हाती पडलेले अजिंक्यपद ४२ विरुद्ध ४० या आकड्यांनी गंगाकाठी गेले.

एप्रिल ते जुलै या काळात दीपस्तंभाच्या पायथ्याशी मी जे पाहिले, ते मला त्या निकालाहून अधिक बोलके वाटते. भांडण बंद पडले. चर्चिलचे गुण किती, इंटर काशीचे किती, हे विचारले तर उत्तर येई, “ते ठरायचे आहे.” गोल मोजता येत होते, पण ते धरायचे की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हते. ज्या मास्तरांना मी कधी पेन्सिल वापरताना पाहिले नव्हते, त्यांनी त्या हंगामाची तालिका पेन्सिलीने लिहिली. आणि इतके दिवस माझ्याकडून केवळ माझ्या बाजूचा निवाडा मागणारी ही मंडळी एकाएकी मला खरेखुरे प्रश्न विचारू लागली. अपील समितीवर अपील कसे होते? चषक दिल्यानंतर तो परत मागता येतो का? परदेशातल्या लवादाचा शब्द आपल्याकडे का चालतो? मी जमेल तशी उत्तरे दिली. पण प्रत्येक उत्तरानंतर ती अधिकच गप्प होत. खेळावर प्रेम करणाऱ्या माणसाला कायदा समजावून सांगताना मला प्रथमच आपण एखाद्या घरात वाईट बातमी घेऊन आलो आहोत, असे वाटले.

जुलैच्या निकालानंतरच्या सोमवारी मास्तर काय बोलतात, इकडे माझे लक्ष होते. निकाल त्यांच्या पथ्यावर पडला होता. तीनास तीन होणारी बरोबरी पुन्हा तीनास दोनावर आली होती. आदल्या काळातले मास्तर असते, तर त्यांनी फुलवाल्याला वही उघडून दाखवली असती. पण त्यांनी वही काढलीच नाही. फुलवाल्याने त्यांच्या हाती नेहमीची तुळस ठेवली, तेव्हा ते इतकेच म्हणाले, “तुझे दोनच राहिले रे. पण हे मी नाही कमी केले.” फुलवाला म्हणाला, “ठाऊक आहे, मास्तर.” बंदरवाल्यांनी दुसराच विषय काढला.

हे ऐकून कोणी म्हणेल, की वकीलबाबांना न्यायालयाचा निर्णय रुचलेला दिसत नाही. तसे नाही. नियमाप्रमाणे अपात्र ठरणारा खेळाडू उतरवला तर सामना गमवावा लागतो, हा नियम भागाकाराच्या नियमाइतकाच आधी छापलेला असतो. मैदानावरचा गोल पवित्र आणि कागदावरचा नियम अपवित्र, असा भेद माझ्यासारख्याने करणे शोभणार नाही. मैदानाची पांढरी रेषा हाही एक नियमच आहे. ती ओलांडल्याशिवाय गोल होत नाही. इंटर काशीच्या चाहत्यांनाही एप्रिलपासून आपले न्याय्य ते आपल्याला मिळत नाही असे वाटत असणार, आणि त्यांचे म्हणणे अखेर खरे ठरले.

माझे गाऱ्हाणे आहे ते काळाचे. १३ जानेवारीच्या सामन्यापासून सुरू झालेला वाद १८ जुलैला निकालात निघावा! सहा महिन्यांहून अधिक. जानेवारीत तो मिटला असता, तर उरलेल्या सामन्यांत दोन्ही संघ आपले खरे गुण जाणून खेळले असते. कोठे बरोबरी पुरेशी आहे, कोठे जिंकलेच पाहिजे, हे त्यांना कळले असते. आणि ६ एप्रिलची संध्याकाळ ज्याची त्याला मिळाली असती. जमिनीच्या दाव्यात निकाल उशिरा लागला, तर निदान जमीन जागेवर असते. खेळात मात्र उशिरा लागलेला निकाल अजिंक्यपद देऊ शकतो, ती संध्याकाळ देऊ शकत नाही. वाराणसीच्या चाहत्याला जुलैत चषक मिळाला, पण अखेरची शिट्टी वाजताच शेजाऱ्याला मिठी मारण्याचा क्षण मिळाला नाही. आमच्या फुलवाल्याला तो क्षण मिळाला आणि त्याने वाटलेली शेवंती तीन महिन्यांनी त्याच्याकडून कोणीतरी मागून घेतली. दोघांचेही काही ना काही गेले, आणि त्याचा हिशेब कोणत्याही तालिकेत येत नाही.

म्हणून खेळाच्या कारभाऱ्यांना, ते दिल्लीचे असोत वा गल्लीचे, माझे एकच सांगणे आहे. सामन्याविषयी तक्रार आली तर पुढचे सामने होण्याआधी तिचा निकाल लावा; अपील व्हायचे तेही हंगाम चालू असताना होऊ द्या; आणि अखेरची शिट्टी वाजेल तेव्हा तालिकेखाली तळटीप उरू देऊ नका. चाहत्यांची भांडणे मिटवणे हे तुमचे काम नव्हे. ती सुखाने भांडता यावीत इतकी पाटी स्वच्छ ठेवणे, हे तुमचे काम आहे. आमच्या देवस्थानांच्या समित्यांनीही यातून काही घ्यावयाचे असल्यास खुशाल घ्यावे. मानाचा वाद उत्सवापूर्वी मिटलेला बरा. पालखी उचलल्यावर तो काढला, तर देव खोळंबतो.

भांडणे संपतील अशी मात्र भीती बाळगण्याचे कारण नाही. परवाच माझा पुतण्या आणि त्याचा शाळासोबती यांची जुंपली होती. दोघेही एफसी गोवाचे. त्यांच्या पिढीला धेंपो-चर्चिलची कथा आजोबांच्या गोष्टींसारखी वाटते. २०१९-२० मध्ये इंडियन सुपर लीगच्या साखळीत १८ सामन्यांत ३९ गुण आणि ४६ गोल करून एफसी गोवा पहिला आला आणि लीगची ढाल त्याने मिळवली. पण त्यापुढच्या बाद फेरीतून तो बाहेर पडला आणि अंतिम सामना जिंकून चषक नेला तो कोलकात्याच्या एटीके संघाने. तोही फातोर्ड्याच्या मैदानावर, महामारीमुळे रिकाम्या ठेवलेल्या खुर्च्यांसमोर. आता प्रश्न असा, की त्या वर्षीचा अजिंक्य कोण? साऱ्या हंगामात पहिला राहिलेला, की शेवटच्या दिवशी जिंकलेला? पुतण्या ढालीच्या बाजूने, त्याचा मित्र चषकाच्या बाजूने. दोघांनाही आपल्याच संघाविषयी विरुद्ध मते असू शकतात, हे पाहून माझे मन भरून आले.

“काका, तुम्ही वकील ना? सांगा,” पुतण्या म्हणाला. मी त्याला मास्तरांचे घर दाखवले. त्यांच्या वहीत त्या हंगामाचे पान शाईने लिहिलेले आहे; ढाल कोणाची आणि चषक कोणाचा, दोन्ही स्वच्छ अक्षरांत आहेत. आकडे तेथून घ्यावेत आणि मग हवे तितके भांडावे.